परदेशातील अल्पमुदतीचा उद्योजकता अभ्यासक्रम : नाशिकच्या विद्यार्थ्याला त्यातून नेमके काय मिळते?

उन्हाळकांदा (धागाकर्ती)

गेल्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधील एका विद्यापीठाच्या अल्पमुदतीच्या आंतरराष्ट्रीय उद्योजकता अभ्यासक्रमाला मी जाऊन आले. मी नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात आहे आणि घरची शेती कांद्याची व थोड्या द्राक्षांची आहे. परत आल्यापासून महाविद्यालयातील कनिष्ठ विद्यार्थी आणि ओळखीचे पालक एकच विचारतात, की इतक्या थोड्या दिवसांसाठी इतका खर्च करून जाण्यात अर्थ आहे का. माझ्या मते अर्थ आहे. मात्र माहितीपत्रकात जी कारणे छापलेली असतात, त्या कारणांसाठी नाही.

निवडीसाठी आपल्या परिसरातील एका अडचणीवर निबंध मागवला होता. मी कांदा चाळीवर, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडवर, लिहिले. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत काढून चाळीत भरला जातो आणि भावाची वाट पाहत ऑक्टोबरपर्यंत सांभाळला जातो. या काळात वजन घटते, काही माल सडतो, काहीला कोंब फुटतात. चाळीतील तापमान आणि आर्द्रता मोजून सड सुरू होण्याआधी सूचना देणारे स्वस्त उपकरण करावे, अशी माझी कल्पना होती. तिकडे सेनेगल, पोलंड, व्हिएतनाम आणि नेदरलँड्स येथील विद्यार्थ्यांबरोबर माझा गट झाला आणि गटाने हाच विषय घेतला.

पहिल्याच दिवशी शिक्षकांनी बजावले की उपकरण, त्याचे नाव, त्याची किंमत यांपैकी कशावरही काम करायचे नाही. आधी माणसांशी बोलायचे. प्रश्न कसे विचारावेत, याचीही शिस्त होती. ‘आमचे उपकरण आले तर तुम्ही घ्याल का?’ हा प्रश्न वर्ज्य होता, कारण त्यावर समोरचा माणूस भिडेखातर होकार देतो. आमच्याकडे तर दारात आलेल्या शिकणाऱ्या पोरीला कोणताही शेतकरी ‘घेऊ की’ असेच म्हणेल. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारायचे : मागच्या हंगामात माल कधी खराब झाला, ते केव्हा लक्षात आले, तेव्हा तुम्ही काय केले, त्यावर किती पैसे खर्च केले. ज्या अडचणीवर माणसाने आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही, ती अडचण आपल्याला कितीही मोठी वाटली तरी तिच्यावर धंदा उभा राहील याची खात्री धरता येत नाही. मला या अभ्यासक्रमातून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

सारस सरस्वती या भारतीय वंशाच्या प्राध्यापिकेचे संशोधन मी तिथेच प्रथम ऐकले. त्यांनी अनुभवी उद्योजकांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करून २००१ मध्ये मांडले की ही माणसे आधी मोठे उद्दिष्ट ठरवून मग साधने शोधत नाहीत. आपण कोण आहोत, आपल्याला काय येते आणि आपल्या ओळखीचे कोण आहेत, येथून ती सुरुवात करतात आणि नफा किती होईल यापेक्षा तोटा किती सोसता येईल हे आधी ठरवतात. कर्ज काढून द्राक्षबाग उभी करणाऱ्या घरात वाढलेल्या मला हा दुसरा मुद्दा फार जवळचा वाटला.

आता कांद्याबद्दल. फ्लेव्होलँड हा प्रांत समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर वसलेला आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या साठवणगृहात आम्हाला नेले होते. बंदिस्त इमारत, मोठ्या लाकडी पेट्या, त्यांच्यातून पंख्यांनी खेळवलेली हवा. आधी उबदार हवेने माल वाळवायचा आणि मग हळूहळू थंड करायचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काढलेला कांदा पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तिथे राहतो. हे पाहून भारावून जाणे सोपे आहे, पण कारण समजून घेतले पाहिजे. त्यांची साठवण हिवाळ्यात होते आणि बाहेरची थंड हवा फुकट मिळते. आपली साठवण वैशाखाच्या उन्हात सुरू होते आणि पावसाळ्याच्या दमट हवेतून पुढे जाते. ती इमारत जशीच्या तशी आमच्याकडे विंचूरला आणून ठेवली तर विजेच्या बिलातच सगळे संपेल.

त्या शेतकऱ्याला मी विचारले की तुम्ही रोज सकाळी तापमानाचे आकडे कशासाठी पाहता. त्याचे उत्तर माझ्या निबंधाच्या मुळावर आले. कोणती पेटी आधी विकायची, हे त्याला त्या आकड्यांवरून ठरवता येते. ते ठरवण्याची मोकळीक त्याला आहे, कारण पैशाच्या तातडीपोटी माल काढण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. आमच्या भागात चाळ फोडण्याचा दिवस पुष्कळदा कांद्याच्या तब्येतीवर ठरत नाही. तो सोयाबीनच्या बियाण्यावर, छाटणीच्या मजुरीवर, सोसायटीच्या कर्जहप्त्यावर किंवा घरातल्या लग्नावर ठरतो. सूचना वेळेवर मिळाली तरी तिच्यावर वागण्याची ऐपत नसेल, तर त्या सूचनेसाठी पैसे कोण मोजणार?

गटातील सेनेगलच्या मित्राने याला आणखी एक बाजू जोडली. डच कांद्याचा फार मोठा भाग निर्यात होतो आणि पश्चिम आफ्रिका ही त्याची जुनी बाजारपेठ आहे. सेनेगलमधील स्थानिक कांदा बाजारात आला की तिथले सरकार काही काळ आयात थांबवते आणि त्यावर त्याच्या गावातील शेतकऱ्यांचा भाव टिकतो. मी त्याला आपल्याकडील डिसेंबर २०२३ मधील निर्यातबंदी सांगितली, जी मे २०२४ पर्यंत चालली. त्याच्या सरकारचा निर्णय उत्पादकाकडे पाहून घेतलेला, आपल्याकडचा ग्राहकाकडे पाहून घेतलेला; पण दोन्ही ठिकाणी चाळीतल्या मालाचे मोल एका परिपत्रकाने बदलते. हे संभाषण कोणत्याही वर्गात झाले नसते. आम्ही रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत असताना झाले.

शेवटच्या दिवशी परीक्षकांसमोर सादरीकरण होते. त्याला अवाजवी महत्त्व दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजक्या मिनिटांत आत्मविश्वासाने बोलणे हे कौशल्य आहे, पण त्यावरून व्यवसायाची पारख होत नाही. प्रमाणपत्राचेही तेच. नोकरीच्या मुलाखतीत त्याबद्दल एखादा प्रश्न येतो, इतकेच.

पालक_इंदिरानगर

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून तिच्या महाविद्यालयाकडे अशा अभ्यासक्रमांची पत्रके वारंवार येतात. त्यांपैकी काही संस्था जवळजवळ प्रत्येक अर्जदाराला निवडपत्र पाठवतात, त्यामुळे शंका येते. व्हिसा, विमा आणि शिष्यवृत्ती यांची माहिती द्याल का? राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्या यासाठी मिळतात का? आणि एक पालक म्हणून विचारते : हा खर्च दुसऱ्या वर्षी करावा की शेवटच्या?

उन्हाळकांदा

ताई, आधी व्हिसाबद्दल. नेदरलँड्ससाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणेच कठीण असते, म्हणून निवडपत्र हाती येताच वेळ नोंदवावी. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध असला पाहिजे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते आणि नाशिककरांना त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी.साठी आहे, अशा लहान अभ्यासक्रमांना ती लागू होत नाही. यजमान विद्यापीठाकडे शुल्कसवलतीसाठी स्वतंत्र पत्र लिहावे. मी घराचे उत्पन्न आणि अभ्यासक्रमानंतर गावात काय करणार हे लिहिले होते आणि मला शुल्काच्या काही भागाची सवलत मिळाली. विमानभाडे मात्र घरूनच गेले.

संस्था पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. अभ्यासक्रमाचे श्रेयांक विद्यापीठ स्वतः देते की मधली एखादी कंपनी नुसते प्रमाणपत्र छापते. शिकवणाऱ्यांची नावे आधी जाहीर केली आहेत का. आणि वेळापत्रकात प्रत्यक्ष ग्राहकांशी बोलण्यासाठी किती वेळ ठेवला आहे. वेळापत्रकात शहरदर्शन अधिक आणि क्षेत्रभेटी कमी असतील तर ती सहल समजावी. सहलीत गैर काही नाही, पण मग तिचा खर्च शिक्षणाच्या खात्यात मांडू नये.

कोणत्या वर्षी जावे, यापेक्षा मुलीच्या मनात एखादी ठोस अडचण घर करून आहे का, हे पाहावे असे मला वाटते. माझ्या गटातील ज्यांच्याकडे स्वतःचा विषय नव्हता, ते दुसऱ्यांच्या विषयावर राबले आणि त्यांना तुलनेने कमी मिळाले.

सातपूरकर

मी सातपूर औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना तीस वर्षांहून अधिक काळ चालवला आणि आता तो मुलाकडे सोपवला आहे. मुली, तुझे लिखाण प्रामाणिक आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. उद्योजकता पंधरवड्यात शिकवता येते, हे मला पटत नाही. आमच्यासारख्यांचा उद्योग कल्पनेच्या अभावाने बसत नाही, तो उधारीने बसतो. माल वेळेवर दिला, गुणवत्ता तपासून गेली आणि तरीही मोठ्या ग्राहकाकडून पैसे महिनोन् महिने येत नाहीत. दरम्यान कामगारांचा पगार, विजेचे बिल आणि कच्च्या मालाचे पैसे थांबत नाहीत. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यात आहे. आता तर मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट त्या वर्षी आयकरात मिळत नाही, अशी तरतूदही झाली आहे. तरीही तक्रार करायची म्हटले की पुढची ऑर्डर जाण्याची भीती असते. या गोष्टी तिथे कोणी शिकवल्या का?

दुसरे असे की, ग्राहकाशी आधी बोलावे हे सांगायला परदेशी विद्यापीठ कशाला हवे? आमच्या पिढीने हातात नमुना घेऊन कारखान्यांच्या दारात उभे राहूनच धंदा शिकला.

द्राक्षवेल

सातपूरकरांच्या दुसऱ्या मुद्द्यावर माझा अनुभव वेगळा आहे. मी दिंडोरी तालुक्यात निर्यातक्षम द्राक्षे पिकवतो. भारतातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांपैकी मोठा वाटा नेदरलँड्समधून आत शिरतो, त्यामुळे रॉटरडॅम या तिथल्या बंदराचे नाव आमच्याकडे घरोघरी माहीत आहे. पण तिथे बसलेला माणूस घड कसा पाहतो, हे कित्येक वर्षे आम्हाला ठाऊक नव्हते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे ज्याला आपण सीसीसी म्हणतो त्याचा, अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकले. खरड छाटणीनंतर वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरलेले संजीवक पुढच्या फळात कोणी मोजेल, असे इथे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्या एका हंगामात कित्येक निर्यातदार आणि बागायतदार पार खचले.

पण त्यानंतर ज्यांनी तिकडच्या खरेदीदाराला काय हवे हे नीट समजून घेतले, ते उभे राहिले. मोहाडीची सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनी आणि तिचे संस्थापक विलास शिंदे यांचे उदाहरण जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. २०१० च्या फटक्यातून तेही गेले आणि आज त्यांची कंपनी देशातील आघाडीची द्राक्ष निर्यातदार आहे. तेव्हा ग्राहकाशी बोलायचे हे सर्वांनाच कळते, पण आपला ग्राहक सात समुद्रांपलीकडे असेल तर कोणीतरी तिथे जाऊन बोलावेच लागते. आमच्या घरची मुले जात असतील तर मला त्यात वावगे काही दिसत नाही.

धागाकर्तीला एक विचारायचे आहे. तिकडे घड्याळावर लिलाव होतो म्हणतात. तो पाहिलास का? कांदाही तसाच विकतात का?

उन्हाळकांदा

सातपूरकर काका, रोखीच्या प्रवाहावर एक सत्र झाले. पण उधारी वसूल करताना संबंध कसे जपायचे, हे त्यात नव्हते. ते शिकायचे तर तुमच्यासारख्यांकडूनच शिकावे लागेल. पंधरवड्यात उद्योजक घडत नाही, हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की प्रश्न विचारण्याची शिस्त त्या अवधीत अंगी लागू शकते, कारण तिथे दुसरे काही करूच दिले जात नाही. इथे महाविद्यालयात प्रकल्प म्हटला की आम्ही थेट सर्किट जोडायला बसतो आणि वापरणाऱ्याला भेटतो ते शेवटी, छायाचित्रापुरते.

द्राक्षवेल दादा, आल्समीरचा फुलांचा लिलाव पाहिला. घड्याळाचा काटा चढ्या भावापासून खाली येत जातो आणि जो खरेदीदार आधी बटण दाबतो, त्याला त्या भावाने माल मिळतो. लासलगावला व्यापारी ट्रॅक्टरभोवती फिरत बोली चढवत जातात. आल्समीरला मात्र भाव चढ्यावरून उतरत येतो. तिकडे आता बहुतेक खरेदीदार आपापल्या कार्यालयातून संगणकावरच खरेदी करतात, त्यामुळे सभागृहात अपेक्षेइतकी गर्दी नसते. ही पद्धत रुजली ती मात्र भाजीपाल्यातून. ब्रुक ऑप लांगेडाइक या गावात १८८७ मध्ये शेतकरी होड्यांतून माल आणून लिलावाला लावू लागले. कांदा आज घड्याळावर विकला जात नाही. शेतकरी आणि माल प्रतवारी करून भरणाऱ्या कंपन्या यांच्यात थेट सौदे होतात.

मला तिथे घड्याळापेक्षा मालकी महत्त्वाची वाटली. आल्समीरची संस्था ही फुले पिकवणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. भाव पडला तरी लिलावाचे नियम कोणी ठरवायचे, शुल्क किती घ्यायचे, यावर पिकवणाऱ्याचे मत चालते. आपल्याकडे बाजार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडून जातात, पण चाळीत माल असलेल्या सामान्य शेतकऱ्याला ती आपली संस्था वाटते का, हा प्रश्न मी गावात विचारला तेव्हा बहुतेकांनी मान हलवून विषय बदलला.

गोदातीर

या चर्चेत एक माहिती जोडतो. धागाकर्तीने ओळखलेली खरी अडचण, म्हणजे पैशाच्या तातडीपोटी माल विकावा लागणे, ती ओळखणारी एक योजना आपल्याकडे जुनी आहे. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून बाजार समित्यांमार्फत राबवली जाते. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. ती सोयाबीन, तूर, हरभरा, हळद, बेदाणा अशा टिकाऊ मालासाठी आहे. कारण उघड आहे : तारण ठेवलेला मालच सडत असेल तर कर्ज देणारा निर्धास्त कसा राहील?

आणि नेमके इथेच तुझ्या उपकरणाला काम आहे, असे मला वाटते. शेतकऱ्याला सूचना देण्यासाठी ते वापरण्याऐवजी, चाळीतील मालाची स्थिती कर्ज देणाऱ्याला विश्वासार्हपणे दाखवण्यासाठी वापरले, तर पैसे मोजणारा ग्राहक पतसंस्था किंवा बँक ठरेल. लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून उभे आहे. कांद्याला कोंब येऊ नयेत यासाठी ते तंत्र आहे. साठवणुकीचे तंत्र, मालाची खात्री आणि कर्ज या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारा कोणी पुढे आला, तर तो मोठाच उद्योग ठरेल.

उन्हाळकांदा

गोदातीर सर, ही सूचना फार मोलाची आहे. परतल्यावर मी विंचूर आणि निफाड परिसरातील चाळीवाल्यांशी बोलले, तेव्हा ‘खराब कांदा आधी कळावा’ यासाठी खिशातून खर्च केलेला माणूस मला क्वचितच भेटला. पण चाळ फोडण्याची वेळ पुढे ढकलण्यासाठी सावकारी व्याज भरलेली माणसे बरीच भेटली. तुमच्या मुद्द्यानंतर ती उत्तरे मी नव्याने वाचते आहे. आता पतसंस्थांच्या व्यवस्थापकांना भेटायचे आहे. त्यांनाही ‘कर्ज द्याल का’ असे विचारणार नाही. शेतमालाच्या भरवशावर शेवटचे कर्ज कधी दिले आणि ते कसे फिटले, हे विचारेन.

सातपूरकर

हे मात्र पटले. मुली, व्यवस्थापकाकडे जाताना एका चाळीचा पूर्ण हिशेब कागदावर घेऊन जा : भरताना किती क्विंटल, काढताना किती, त्यात गोल्टी (बारीक कांदा) किती, खाद (खराब माल) किती, मजुरी किती आणि मिळालेला भाव. बँकवाल्याला कल्पनेपेक्षा कागद कळतो. उपकरणाचा उत्पादनखर्च काढायचा असेल तर मी बसून काढून देईन. वेष्टन, साचा आणि जोडणीची मजुरी विद्यार्थी हमखास धरत नाहीत.

नवखा_पंचवटी

मी पहिल्या वर्षाला आहे. परदेशात जाणे सध्या शक्य नाही. ताई, लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात जाऊन अशा मुलाखती घ्यायच्या असतील तर सुरुवात कशी करावी? शेतकरी बोलतात का?

उन्हाळकांदा

बोलतात, पण वेळ ओळखली पाहिजे. लिलाव सुरू असताना कोणालाही थांबवू नकोस. तेव्हा त्यांचे सारे लक्ष बोलीकडे असते. लिलाव झाला की ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, तिथे माल खाली होतो, वजन होते आणि हिशेबपट्टी हातात येईपर्यंत थांबावे लागते. त्या वेळात चहाच्या टपरीवर निवांत बोलता येते. भाव कमी मिळाला असेल तर आधी ते पूर्ण ऐकून घे, मग आपला विषय काढ. वही उघडण्याआधी परवानगी माग आणि नाव लिहू नकोस. पहिला प्रश्न ‘आजचा माल चाळीत कधी भरला होता?’ असा ठेव. तिथून पुढचे ते स्वतः सांगत जातात. शक्य झाले तर त्यांच्या मळ्यावर पुन्हा जा, कारण खर्चाचे आकडे पुष्कळदा घरातल्या बाईमाणसांच्या तोंडी असतात आणि त्या बाजारात आलेल्या नसतात.

शनिवारी मी विंचूरच्या उपबाजारात जाणार आहे. यायचे असेल तर येथे लिही. सकाळची पहिली एस.टी. पकडावी लागेल.